लाखेचे मणी व बांगड्या : शेतकरी कुटुंबाने शिकण्याजोगा जोडधंदा

पळस, बोर व कोसंब या झाडांवर लाख घेणारी कुटुंबे आपल्या राज्यात गोंदिया व गडचिरोली जिल्ह्यांत आहेत. बहुतेक ठिकाणी फांद्यांवरून खरवडलेली लाख तशीच कच्ची विकली जाते. या लाखेपासून मणी, बांगड्या व माळा बनविण्याचे काम जयपूर, हैदराबाद व मुझफ्फरपूर येथील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. हे काम घरच्या शेगडीवर, थोड्या अवजारांत व शेतीच्या कामांमधील सवडीत होऊ शकते. मात्र ते हाताचे काम असल्याने क्रमाक्रमाने शिकावे लागते. हात बसण्यापूर्वी माल व कर्ज यांच्या मागे लागल्यास जोडधंदा अंगावर येतो. म्हणून शिकण्याचा क्रम, घ्यावयाची दक्षता व हिशेबाची रीत यांची माहिती येथे दिली आहे.

लाख म्हणजे काय

लाख ही झाडाचा डिंक नव्हे. लाखेची कीड कोवळ्या फांदीवर बसून रस शोषते व अंगाभोवती राळेचे कवच तयार करते, तीच लाख होय. पळस व बोर यांवर वाढणाऱ्या वाणास रंगिणी म्हणतात. त्याची बैसाखी व कतकी अशी दोन पिके येतात. कोसंब अथवा कुसुम या झाडावरील वाणास कुसुमी म्हणतात. त्याची पिके अगहनी व जेठवी या नावांनी ओळखली जातात. कुसुमी लाखेचा रंग फिकट असल्याने तिला रंगकामात विशेष मान आहे. या पिकाचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली संशोधन संस्था स्थापन झाली. आज ती भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखत्यारीत काम करते.

दागिन्यांच्या कामी लाखेचे तीन गुण उपयोगी पडतात. ती सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअसला मऊ होते व त्याहून थोड्या अधिक उष्णतेत वितळते, पाण्यात विरघळत नाही, आणि थंड झाल्यावर कठीण व चकचकीत होते. सोनारही हे गुण जाणतात. बोरमाळेचे पत्र्याचे पोकळ मणी चेपू नयेत म्हणून त्यांत लाखच भरतात.

तिचा एक दोषही लक्षात ठेवावा. लाख फार वेळ तापविली किंवा पुन्हापुन्हा वितळविली, तर ती रबरासारखी चिवट होते आणि नंतर कितीही आच दिली तरी वितळत नाही. अशी लाख वाया गेली असे समजावे. मंद आच व थोडा घाणा हा या कामाचा पहिला नियम होय.

कोणती लाख वापरावी

सर्वांत चांगली, भरीव व जिवंत किडीची लाख दागिन्यांसाठी तोडू नये. ती पुढील पिकाचे बी आहे. बीजलाख झाडांना बांधल्यावर पिले बाहेर पडून फांद्यांवर बसतात. त्यानंतर, म्हणजे बांधल्यापासून सुमारे तीन आठवड्यांत, रिकाम्या झालेल्या काड्या उतरवून घेणे आवश्यक असते. तशा न उतरविल्यास त्यांत लपलेल्या शत्रुकिडी नव्या पिकावर जातात. या उतरविलेल्या काड्यांवरील लाखेस फुंकी लाख म्हणतात. प्रत थोडी कमी असली तरी शिकाऊ हाताच्या सरावास ती पुरेशी आहे. पीक वाचविणे व कामास लाख मिळणे, अशा दोन्ही गोष्टी यात साधतात.

ज्यांची लाखेची झाडे वनजमिनीवर आहेत, त्यांनी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. २००६ च्या वनहक्क कायद्यात लाखेचा समावेश गौण वनोपजात केलेला आहे. संकलनाच्या हक्काविषयी शंका असल्यास ग्रामसभेत विचारणा करावी.

लाख स्वच्छ करणे

काड्यांवरील लाख बोथट सुरीने खरवडून सावलीत पातळ थरात पसरावी व दिवसातून एकदा हलवावी. ओली लाख ढीग करून ठेवल्यास तिचे गठ्ठे होतात. वाळल्यावर ती ज्वारीच्या दाण्याएवढी कुटून चाळून घ्यावी. साली व काड्या वेचून काढाव्यात.

हे दाणे रात्रभर पाण्यात भिजत घालावेत. सकाळी चोळून धुतल्यावर पाणी तांबडे होते. किडीच्या अंगातील रंग पाण्यात उतरल्यामुळे असे घडते. पूर्वी अळत्यासाठी हाच रंग वापरीत. पाणी जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत धुणे चालू ठेवावे व दाणे सावलीत पूर्ण वाळवावेत. मग जाड सुती कापडाच्या अरुंद पिशवीत भरून निखाऱ्यांसमोर धरावेत. पिशवी पिळत गेल्यास स्वच्छ लाख कापडातून पाझरते. ती थंड फरशीवर घेऊन तिच्या वड्या कराव्यात. प्रथम शिकणाऱ्यांनी पाव किलोपेक्षा अधिक लाख एका वेळी घेऊ नये.

साहित्य

कोळशाची शेगडी, जाड तवा, सांडशी, गुळगुळीत फरशी, मूठ असलेली चपटी लाकडी पट्टी, पोलादी फूटपट्टी, सुरी, विणकामाच्या बारीक पोलादी सुया, निमुळता लाकडी दांडा व ग्रॅममध्ये मोजणारा लहान काटा एवढे साहित्य आरंभी पुरते. यांत काटा व फूटपट्टी यांस गौण समजू नये. मालाचा सारखेपणा त्यांवरच अवलंबून असतो.

मिश्रण बसविणे

निव्वळ लाख ठिसूळ असते. म्हणून कारागीर तीत चिडाच्या झाडाची राळ, म्हणजे बिरोजा, आणि शंखजिऱ्याची किंवा खडूची बारीक पूड मिसळतात. राळेने मिश्रण लवचिक होते व पुडीने त्यास अंग येते. लाखेच्या प्रतीप्रमाणे हे प्रमाण बदलते, म्हणून ते प्रत्येकाने आपल्या लाखेवर ठरवावे. १०० ग्रॅम लाख मंद आचेवर मऊ करून तीत राळ व पूड प्रत्येक वेळी १० ग्रॅम या मापाने घालावी. कणकेप्रमाणे मळावे आणि प्रत्येक वाढीनंतर पेन्सिलीएवढी कांडी वळून दोन परीक्षा कराव्यात. कोमट कांडी वाकविली असता तडकू नये. पूर्ण थंड झालेली कांडी कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकली असता तुटू नये. ज्या प्रमाणात दोन्ही परीक्षा उतरतील, ते वहीत लिहून ठेवावे. पुढील प्रत्येक घाणा त्याच मापाने करावा. पूड मिसळताना नाकातोंडाला कापड बांधावे.

पहिला पाठ : सारखी कांडी

मऊ मिश्रणाचा गोळा फरशीवर ठेवून लाकडी पट्टीने मागेपुढे लाटावा व ८ मिलीमीटर जाडीची कांडी करावी. दोन्ही टोके व मध्य अशा तीन ठिकाणी जाडी मोजावी. ती सारखी येईपर्यंत पुढील पाठ घेऊ नये. हे काम कंटाळवाणे वाटले तरी मणी व बांगडी या दोहोंचा पाया कांडीच आहे. थंड कांडीवर जोर करू नये. तव्यावर धरून पुन्हा कोमट करावी.

दुसरा पाठ : मणी

कोमट कांडीचे फूटपट्टीने खुणा करून समान तुकडे पाडावेत. सुईस गोड्या तेलाचा पुसट हात लावावा. एकेक तुकडा मऊ करून सुईभोवती लपेटावा आणि फरशी व पट्टी यांच्यामध्ये हलकेच फिरवून गोल करावा. मणी कोमट असतानाच सुईवर एकदोनदा फिरवावा, म्हणजे तो चिकटून राहत नाही. पूर्ण थंड झाल्यावर सुई काढून घ्यावी. थंड मण्यास सामत्याने भोक पाडू गेल्यास तो बहुधा फुटतो.

एका बैठकीत केलेले मणी फूटपट्टीच्या कडेला ओळीने लावावेत. ८ मिलीमीटरचे १० मणी बरोबर ८ सेंटीमीटर भरले पाहिजेत. दोन मिलीमीटरपेक्षा अधिक फरक पडल्यास ते मणी सरावाचे समजून बाजूला ठेवावेत.

तिसरा पाठ : रंग

रंग सर्व मिश्रणात घालण्याची आवश्यकता नाही. थोड्या स्वच्छ लाखेत रंग मळून रंगीत कांडी करून ठेवावी. गरम मण्यावर किंवा बांगडीवर ती घासली असता वर पातळ रंगीत थर बसतो व खर्च वाचतो. तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवळी माती, काळ्यासाठी काजळी व पांढऱ्यासाठी झिंक ऑक्साइड हे रंग साधे व भरवशाचे आहेत. हळदीचा रंग उन्हात उडतो.

जुन्या काळी लाखकामात हरताळ व हिंगूळ वापरीत असत. हरताळात सोमल म्हणजे आर्सेनिक असते, तर हिंगुळात पारा असतो. बाजारातील शेंदरातही शिसे असू शकते. शेगडीवर तापवावयाच्या व अंगावर घालावयाच्या वस्तूत यांपैकी काहीही वापरू नये.

चौथा पाठ : बांगडी

बांगडीच्या कांडीची लांबी अंदाजाने घेऊ नये. बांगडीचे माप म्हणजे तिचा आतील व्यास होय. ‘दोन-चार’ म्हणजे दोन इंच व एका इंचाचे सोळांश भाग चार, म्हणजेच सव्वादोन इंच अथवा सुमारे ५७ मिलीमीटर. या व्यासात कांडीची जाडी मिळवून येणाऱ्या बेरजेस २२ ने गुणावे व ७ ने भागावे. कांडी ६ मिलीमीटर जाड असल्यास ५७ अधिक ६ म्हणजे ६३, व त्यावरून लांबी १९८ मिलीमीटर येते. याच जाडीच्या ‘दोन-सहा’ मापास सुमारे २०८ मिलीमीटर आणि ‘दोन-आठ’, म्हणजे अडीच इंची मापास सुमारे २१८ मिलीमीटर कांडी लागते.

कांडीची दोन्ही टोके मऊ करून एकमेकांत दाबावीत. सांधा पट्टीने सारखा करून बांगडी निमुळत्या दांड्यावर चढवावी. दांड्यावर प्रत्येक मापाची खूण आधीच करून ठेवावी. काचेचे बारीक मणी किंवा टिकल्या बसवावयाच्या असल्यास तेवढीच जागा शेकून मऊ करावी व चिमट्याने दाबावे. मणी अर्ध्यापेक्षा अधिक आत बसला म्हणजे सहसा निघत नाही. शेवटी मऊ सुती कापडाने घासून झिलई आणावी.

पाचवा पाठ : ओवणी व बियांचे मणी

लाखेच्या मण्यांमध्ये रानातील बियांचे मणी ओविल्यास माळ हलकी व शोभिवंत होते. वैजयंतीच्या मण्यांना निसर्गतःच भोक असते. रिठ्याच्या काळ्या गोल बिया व तांबड्या रतनगुंजा यांना भोक पाडावे लागते. बिया पूर्ण वाळलेल्या व किडक नसलेल्या घ्याव्यात. दोरा मेण लावलेला, दुपदरी व मण्याच्या भोकातून सैल जाणारा असावा. मोठ्या मण्यांच्या मध्ये गाठ मारल्यास दोरा तुटला तरी सर्व माळ विखुरत नाही.

तांबडी व काळ्या डोळ्याची गुंज मात्र दागिन्यात कधीही वापरू नये. ती दिसण्यास सुंदर असली तरी तिच्यात प्राणघातक विष आहे. कवच अखंड असेतोवर ते आत राहते. भोक पाडताना, कुटताना किंवा मुलाने चावताना कवच फुटले म्हणजे विष मोकळे होते. २०११ साली ब्रिटनमध्ये अशा बियांची कंकणे ग्राहकांकडून परत मागविण्यात आली होती. रतनगुंज संपूर्ण तांबडी असते व तिला काळा डोळा नसतो. ही ओळख गोळा करणाऱ्या प्रत्येकास प्रत्यक्ष बी दाखवून पटवावी. एरंडाची बीही याच कारणास्तव वर्ज्य समजावी.

बाजारातील रासायनिक राळ

दोन द्रव्ये एकत्र करून साच्यात ओतावयाच्या एपॉक्सी राळेचे दागिने आज शहरांत पुष्कळ दिसतात. तिच्यात फुले व पाने पारदर्शकपणे बसविता येतात. परंतु ती विकत आणावी लागते, दोन द्रव्यांचे प्रमाण चुकल्यास चिकट राहते व एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. ओली असताना ती त्वचेस लागल्यास काहींना खाज व पुरळ येते, आणि हा त्रास एकदा जडल्यास पुढे थोड्या स्पर्शानेही उद्भवतो. हे काम करावयाचेच असल्यास हातमोजे घालावेत, जागा हवेशीर असावी, डब्यावरील माप तंतोतंत पाळावे व घासताना पूड नाकात जाऊ देऊ नये. ज्यांच्या बांधावर लाख आहे, त्यांनी आधी लाखेचेच काम शिकणे अधिक हितावह होय.

काम करताना घ्यावयाची दक्षता

कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही व त्याचा वासही येत नाही. त्याने झोपेत मृत्यू ओढवतो. काम ओसरीत किंवा मोकळ्या पडवीत करावे. लहान मुलांना शेगडीजवळ बसू देऊ नये. लाख पेट घेते, म्हणून जवळ वाळूची बादली असावी. गरम लाख हातास चिकटल्यास ती ओढून काढू नये, कारण तिच्याबरोबर कातडी निघते. हात निदान २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा व आरोग्य केंद्रात जावे.

हिशेब

या धंद्याचे मर्म पुढील हिशेबावरून ध्यानात येईल. १८ इंची म्हणजे सुमारे ४५ सेंटीमीटर लांबीच्या माळेत ५ सेंटीमीटर गोफ व फास सोडल्यास ४० सेंटीमीटर मणी लागतात. ८ मिलीमीटरचा एक लाखेचा मणी व २ मिलीमीटरचा एक काचेचा मणी असे आळीपाळीने ओविल्यास प्रत्येकी ४० मणी बसतात. निव्वळ लाखेच्या अशा ४० मण्यांचे वजन सुमारे १२ ग्रॅम भरते. तूट धरूनही एक किलो स्वच्छ लाखेत सत्तरएक माळांचे मणी होऊ शकतात. म्हणजे माळेच्या किमतीत लाखेचा वाटा अल्प असून हाताच्या कामाचाच वाटा मोठा आहे.

समजा, शिकाऊ हातास तासाला १० मणी साधतात. ४० मण्यांस ४ तास व ओवणी आणि झिलई यांस १ तास, असे ५ तास होतात. आठ तासांच्या मजुरीचे पाच अष्टमांश एका माळेवर पडले. हात बसून तासाला २० मणी होऊ लागले, तर तीच माळ ३ तासांत होते व मजुरी तीन अष्टमांशावर येते. म्हणून नफ्याचा मार्ग अधिक लाख विकत घेण्यात नसून हात बसविण्यात आहे. विक्रीची किंमत ठरविताना लाख, राळ, रंग, दोरा, कोळसा, फुटतूट व घरच्या माणसांची मजुरी हे सर्व धरावे. घरची मजुरी शून्य धरून माल स्वस्त विकणे म्हणजे स्वतःच्याच श्रमाची फसवणूक करणे होय.

विक्री

पहिला माल गावचा आठवडी बाजार, जत्रा व बचत गटांची प्रदर्शने येथे थोड्या प्रमाणात मांडावा. कोणते माप व कोणता रंग खपला, याची नोंद ठेवावी. ग्राहकास वस्तू देताना ती विस्तवाजवळ व कडक उन्हात ठेवू नये, गरम पाण्यात बुडवू नये व सोड्याने धुऊ नये, एवढे सांगावे. खरे सांगणाऱ्याकडे ग्राहक पुन्हा येतो.

‘अनामत भरा, कच्चा माल घ्या, तयार दागिने आम्ही परत विकत घेऊ’ अशा जाहिराती करणारे लोक अनेकदा अनामत घेऊन नाहीसे होतात, किंवा प्रत्येक वेळी मालात खोट काढून तो नाकारतात. काम देणाऱ्याने कामगाराकडून पैसे मागितले, की सावध व्हावे. लेखी करार व पूर्वीच्या कारागिरांशी प्रत्यक्ष भेट यांवाचून एक रुपयाही देऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी प्रथम पाच-सहा जणांचाच गट निवडावा. ज्या घरी लाखेची झाडे आहेत व ज्या घरातील स्त्रियांना हे काम करण्याची स्वतःची इच्छा आहे, अशी घरे घ्यावीत. एक शेगडी, एक काटा व एक वही सामाईक असावी. बैठका खरिपाची लावणी व सुगी यांच्या वेळा टाळून ठेवाव्यात. दर बैठकीस किती मणी झाले, किती मापात बसले व किती फुटले, हे तीन आकडे वहीत लिहावेत. १० पैकी ९ मणी मापात येऊ लागल्यावरच विक्रीचा व त्यानंतर गरज भासल्यास कर्जाचा विचार करावा. कृषी विज्ञान केंद्राकडून लाखेच्या पिकाविषयी व महिला बचत गटांच्या यंत्रणेकडून विक्रीविषयी साहाय्य मागावे.

लाखेचे झाड नीट राखले तर पीक वर्षानुवर्षे मिळते. त्या पिकातील थोडा भाग घरच्या हातांनी मण्यांत व बांगड्यांत उतरविला, तर आज बाहेरच्या कारागिराकडे जाणारी मजुरी त्याच घरात राहील. त्यासाठी मोठ्या भांडवलापेक्षा मंद आच, अचूक माप व नियमित सराव यांचीच अधिक गरज आहे.